दूध येते आहे, तरीही मुलगी रडते आहे

शिवडी नाका | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि या मंचावर आजवर केवळ वाचत आले आहे. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून सिझेरियन होऊन तिला मुलगी झाल्याला आज सव्वीस दिवस झाले. आमचे घर शिवडीच्या जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचे आहे. पावसामुळे दुपटी वाळत नाहीत म्हणून पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांच्या खालून वाकूनच आमचे येणे-जाणे चालते.

जन्मतः बाळाचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते. घरी आणताना ते २ किलो ६५० भरले आणि चौदाव्या दिवशी २ किलो ८५०. प्रसूतिगृहात पहिल्या रात्री आम्हाला न विचारता बाळाला बाटलीने पावडरचे दूध पाजण्यात आले आणि सकाळी 'आईला अजून दूध नाही' एवढेच कारण सांगण्यात आले. ते वाक्य मुलीच्या मनात जे घर करून बसले ते आजतागायत हललेले नाही. संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखे अंगावर असते आणि बाजूला केले की रडते. मग मुलगी म्हणते, 'हिचे पोटच भरत नाही,' आणि आम्ही दिवसातून दोनदा वरचे दूध देतो.

दुसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. मुलगी रडते. पाजायला घेण्याआधी रडते, पाजून झाल्यावरही रडते, आणि बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नाही. परवा भाजी निवडता निवडता, जणू बाजारातून काय आणायचे ते सांगावे अशा आवाजात, ती मला म्हणाली, 'आई, हिला तूच ठेवून घे. तुझ्याकडे ती शांत असते.' शेजारणी म्हणतात की दूध वाढले की रडणे आपोआप थांबेल. तसे असते का? आणि आईच्या अशा अवस्थेचा बाळाच्या वाढीवर परिणाम होतो का?

दुपारची पाळी | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, मी महापालिकेच्या एका रुग्णालयात बाळंतिणींच्या कक्षात एकतीस वर्षे परिचारिका होते. आधी दुधाचे बोलते. तुमच्या मुलीच्या रडण्याचे बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणसे इथे आहेत आणि त्यांनी ते बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून, स्तन हलके लागण्यावरून किंवा हाताने पिळून किती निघाले यावरून ठरवू नये. यात विश्वासाचे साक्षीदार दोनच, दुपटे आणि तराजू. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी व्हायला हवी आणि पहिल्या काही महिन्यांत वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढायला हवे. पहिल्या आठवड्यात बहुतेक बाळांचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. तुमच्या नातीचे साडेआठ टक्के उतरले आणि चौदाव्या दिवशी ती पन्नास ग्रॅम मागे होती. हे घाबरण्याजोगे नाही, पण सोडून देण्याजोगेही नाही. त्याच तराजूवर, कपडे काढून, पुन्हा वजन करून घ्या आणि एक वही घाला.

पहिल्या रात्रीविषयी तुमच्या मुलीला माझ्या नावाने सांगा की तिला दूध नव्हते हे खरे नाही. पहिल्या दिवशी चीकच येतो, तो एका वेळी चमचाभरच असतो आणि बाळाच्या पोटात तेवढ्याचीच जागा असते. वार पडल्यानंतर शरीरातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि त्यानंतर दोन ते चार दिवसांत दूध भरून येते. सिझेरियननंतर कधीकधी त्याला थोडा अधिक वेळ लागतो. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा अशक्त बाळाला आईचे दूध खरोखरच कमी पडते तेव्हाची गोष्ट वेगळी. त्यासाठीच डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. तिथे दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिल्याच रात्री, तेही आईला न विचारता, पावडर पाजण्याचे कारण मला दिसत नाही.

एक प्रश्न. पाजून झाल्यावर स्तनाग्राचा आकार कसा दिसतो, ते पाहून कळवा.

हळिवाचा लाडू | मंगळवार, सकाळी १०:०५

वह्या आणि तराजू यांत बाळंतिणीला गुंतवू नये, असे माझे मत आहे. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी आणि जेवणानंतर बाळंतशोपा एवढे केलेत तर आठवड्यात दूध उतरेल. माझ्या दोन्ही सुनांना उतरले. बाळाला सकाळी गुटी उगाळून मधातून चाटवावी, म्हणजे पोट दुखणार नाही आणि संध्याकाळची रडारड थांबेल.

दुपारची पाळी | मंगळवार, दुपारी ३:३०

लाडू अवश्य द्या. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे पाचशे कॅलरी अधिक लागतात, हळिवात लोह असते आणि कोणीतरी आपल्यासाठी खपून काही केले आहे हेही बाळंतिणीला कळते. मात्र दूध तयार होते ते स्तन रिकामे होण्यावर. जितके बाळ ओढून घेईल तितके शरीर पुन्हा भरते, आणि साचून राहिले तर शरीर उत्पादन कमी करते. म्हणून बाळ नीट ओढत नसेल तर लाडवांनी आईचे वजन वाढेल, बाळाचे नाही.

मधाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे, रागावू नये. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेवावेत.

शिवडी नाका | बुधवार, रात्री ९:२०

आज अठ्ठावीसावा दिवस. त्याच तराजूवर वजन ३ किलो १२० भरले. चौदा दिवसांत २७० ग्रॅम, म्हणजे रोजचे एकोणीस. कालच्या चोवीस तासांत सात दुपटी ओली झाली. पाजून झाल्यावर स्तनाग्र एका बाजूने चपटे आणि तिरके दिसते, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे, आणि त्यावर पांढरी रेघ असते. उजव्या बाजूला चीर आहे. पाजताना ती पायाची बोटे आवळून धरते, हे मी काल प्रथमच पाहिले. सव्वीस दिवस मी शेजारी बसून बाळाकडेच पाहत होते.

दुपारची पाळी | बुधवार, रात्री १०:५०

लिपस्टिकची उपमा अचूक आहे. बाळ केवळ स्तनाग्र तोंडात घेते आणि ते टाळूवर चेपले जाते, म्हणून दुखते, चीर पडते आणि दूधही पुरेसे निघत नाही. वरचे दूध मिळूनही रोजचे एकोणीसच ग्रॅम का, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

आता तिला पाठीला टेकून बसू द्या. पाय टेकलेले असावेत आणि बाळ टाक्यांवर दाबले जाणार नाही असे आडवे घ्यावे. उजव्या बाजूला पाजताना बाळाला डाव्या हाताने धरावे. तळहात बाळाच्या खांद्यांमागे आणि अंगठा व बोटे कानांच्या खाली मानेशी असावीत, डोके मागून दाबू नये. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले आणि नाक स्तनाग्रासमोर असावे. उजव्या हाताने स्तन खालून असा धरावा की बोटांची दिशा बाळाच्या ओठांना समांतर राहील, आपण वडापाव दाबून तोंडाशी नेतो तसा. (नवख्या बाळंतिणी या उपमेला हसत, आणि हसल्या की खांदे सैल पडत.) स्तनाग्र वरच्या ओठावर फिरवले की बाळ जांभई दिल्यासारखे तोंड उघडते. त्या क्षणी बाळाला स्तनाकडे आणावे, स्तन बाळाकडे वाकवू नये. हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे आणि भोवतालचा काळसर भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेला पाहिजे. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिले तर करंगळी तोंडाच्या कडेने घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. पहिल्या दिवशी दहा वेळा लावावे लागले तरी चालेल.

वरचे दूध एकदम बंद करू नका. वजन पाहत पाहत कमी करा, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्या. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन हे एकदा प्रत्यक्ष तपासून घेतलेत तर उत्तम, कारण लिहून सांगण्याला मर्यादा आहेत. जीभ खालून बांधलेली नाही ना, हेही तिथे पाहतील.

कुर्ला पूर्व | गुरुवार, रात्री १:१०

काकू, सिस्टरांनी जो भाग सोडला तो मी लिहिते, कारण तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या मुलीच्या जागी होते.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी निम्म्याहून अधिक बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते, आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. तुमच्या मुलीला सव्वीस दिवस झाले आहेत. दोन आठवडे उलटूनही रडणे, झोप न लागणे आणि 'बाळ माझ्याशिवायच बरे' असे वाटणे चालू असेल तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे दर पाच बाळंतिणींत एकीहून थोडे अधिक आहे. आमच्या मजल्यावर त्या वर्षी पाच बारशी झाली, म्हणून हा आकडा माझ्या लक्षात राहिला.

माझे उलटे होते. मला दूध भरपूर होते आणि बाळाचे वजन पाहून सगळे माझे कौतुक करत. मी मात्र रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसे आणि खिडकीजवळ त्याला घेऊन उभी राहायला घाबरत असे, कारण हातून सुटला तर काय, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नसे. 'दूध आहे, मग आणखी काय हवे?' असे घरात विचारले जाई. म्हणून शेजारणींचे म्हणणे मला पटत नाही. दूध वाढेलही, पण त्याने मन ताळ्यावर येईलच असे नाही.

डॉक्टरांकडे 'एडिंबरा' नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते. ती १९८७ पासून वापरात आहे, पाच-सात मिनिटांत होते आणि तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. तो प्रश्न तुम्हीही मुलीला सरळ विचारा. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. असतील तर बाहेर पडतात. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. आणि ती असंबद्ध बोलू लागली, कोणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणाली, किंवा अनेक रात्री न झोपताही विलक्षण उत्साही दिसली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हजारात एक-दोघींनाच तसे होते, पण ती आणीबाणी असते.

आणखी एक विचारा: रडू पान्हा फुटण्याच्या अगदी आधी येते आणि काही मिनिटांत जाते, की दिवसभर सावट असते? काहींना केवळ पान्ह्याच्या क्षणी अकारण उदासी दाटून येते. तो वेगळा प्रकार आहे, त्याला 'डी-मर' म्हणतात, आणि त्याचे नुसते नाव कळले तरी हलके वाटते.

बोरिवली फास्ट | गुरुवार, सकाळी ८:२५

गाडीतून लिहितो आहे. जावईबापूंचा उल्लेख कुठे आला नाही, म्हणून विचारतो की ते कुठे आहेत? आमच्याकडे बायको माहेरी होती, तेव्हा मी फक्त रविवारी पाहुण्यासारखा जाऊन चहा पिऊन येत असे. सासूबाईंनीच एकदा सांगितले की शनिवारी रात्री मुक्कामाला या आणि दोन ते सहा बाळ तुम्ही पाहा. पाजायचे तेवढे ती पाजे. ढेकर काढणे, दुपटे बदलणे, खांद्यावर घेऊन फिरणे हे माझे काम. आठवड्यातून एका रात्री सलग चार तास झोप मिळाल्यावर तिचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. कायद्याने आईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस मिळतात, खाजगीत मालकाची मर्जी. तरी शनिवारची रात्र कोणी अडवत नाही.

बालरोग ओपीडी | गुरुवार, रात्री ११:००

बाळाच्या वाढीविषयीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते आणि अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ चेहरा पाहून हसू लागते, तीन-चार महिन्यांत मान धरते. या काळात बाळाने आवाज करावा आणि समोरच्याने उत्तर द्यावे, या देवाणघेवाणीतून त्याची भाषा आणि भावना घडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला परत बोलावू पाहते आणि मग तोंड फिरवते.

हे वाचून मुलीला आणखी अपराधी वाटू नये म्हणून पुढचे लिहितो. त्याच संशोधनातून हेही पुढे आले की निरोगी माय-लेकरांचेही सूर बराच वेळ जुळत नसतात. बाळ शिकते ते तुटलेले पुन्हा जोडले जाण्यातून. काही आठवड्यांच्या उदासीने बाळाचे कायमचे नुकसान होत नाही. महिनोन्महिने उपचार न होता ती राहिली तर परिणाम दिसू शकतात, म्हणून उपचार लवकर हवेत. तोवर आजी, बाबा, आत्या यांनी बोलले तरी बाळाला ते बोलणे लागू पडते.

संध्याकाळच्या रडण्याबद्दल: ते दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्याच्या सुमारास कळस गाठते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. पोट भरलेली बाळेही तशी रडतात. आणि औषधे लागलीच तर स्तनपान सोडावे लागेल, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. नैराश्यावरचे सर्ट्रालीनसारखे औषध दुधात अत्यल्प उतरते. निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा, पण 'मी पाजते आहे' हे त्यांना आवर्जून सांगावे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, कारण दोन्ही बिघडली की थकवा आणि उदासी हुबेहूब अशीच दिसते.

शिवडी नाका | चाळिसावा दिवस, रात्री १०:१५

आपण सर्वांनी लिहिलेले मी कागदावर उतरवून घेतले होते. रुग्णालयात एका तरुण सिस्टरांनी मुलीला तासभर शिकवले आणि तिथेच एकदा बाळाचा गिळण्याचा आवाज ऐकू आला, घोट, थोडे थांबून पुन्हा घोट. घरी तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, हे तेव्हा लक्षात आले. चीर भरली. छत्तिसाव्या दिवसापासून वरचे दूध बंद आहे आणि आज वजन ३ किलो ४९०, म्हणजे बारा दिवसांत ३७० ग्रॅम. शेजारी पेढे मागू लागले आहेत.

आणि मुलगी अजूनही रडते. पाजताना नाही आता, पण दुपारी, भिंतीकडे तोंड करून. वजनाचा आकडा सांगितला तर 'बरं' म्हणाली. खरे सांगायचे तर मलाच राग आला. आता सारे सुरळीत झाले असताना हिला काय झाले आहे, असे मनात आले, आणि मग कुर्ल्याच्या ताईंचे लिहिणे पुन्हा वाचले. शेवटचा प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, 'मरावेसे वाटत नाही, पण नसले असते तर बरे झाले असते.' परवाची वेळ घेतली आहे. जावई सुटी काढून येत आहेत.

कुर्ला पूर्व | चाळिसावा दिवस, रात्री १०:४०

हे वाक्य तिने म्हटले तसेच्या तसे डॉक्टरांना सांगा, सौम्य करून नको. परवापर्यंत तिला एकटी ठेवू नका, रात्रीही. आणि हा विचार आणखी पुढे गेला असे वाटले, तर परवाची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.

शिवडी नाका | नववा आठवडा, सकाळी ७:०५

चाचणीत तीसपैकी सोळा गुण आले होते. औषध चालू आहे, आठवड्यातून एकदा ती समुपदेशनाला जाते आणि पाजणे सुरू आहे. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी फोन करकरून डॉक्टरांना त्रास दिला. शनिवारच्या रात्री जावई असतात. त्यांना दुपट्याची त्रिकोणी घडी अजून जमत नाही. काल मुलगी माझ्यावर कडाडून चिडली, मी बाळाच्या टोपडीची नाडी फार घट्ट बांधते म्हणून. नऊ आठवड्यांत ती प्रथमच भांडली. बाळाचे वजन ४ किलो २१०.

वही मीच लिहीत होते: वेळ, बाजू, दुपटी. आज पाहिले तर रात्रीच्या रकान्यात तिचे अक्षर होते. '४:१०. उजवी. बरेच प्यायली. मग माझ्याकडे बघून हसली, आईला उठवले नाही.'

दुपारची पाळी | नववा आठवडा, सकाळी ७:३०

ताई, वही आता बंद करायला हरकत नाही. वजन दहाव्या आठवड्याच्या लशीच्या वेळी होईलच. औषध मात्र बरे वाटू लागले म्हणून कोणी आपणहून थांबवू नये. आणि ती नाडी खरोखरच सैल बांधा, या हवेत बाळाच्या हनुवटीखाली घामोळे येते.